कृष्णाकाठचे यशवंतराव आणि कोयनेची वीज

कऱ्हाडला प्रीतिसंगमावर दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात. एक कृष्णा, दुसरी कोयना. दोघींचे माहेर महाबळेश्वरच. पण वाटा निराळ्या. कृष्णा वाईवरून सपाटीच्या मुलखातून येते. कोयना सह्याद्रीच्या रांगेला बिलगून दक्षिणेकडे धावते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि पाटणवरून कऱ्हाडला पोचते. या संगमाच्या काठी यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. सहलीला आलेले विद्यार्थी तेथे नमस्कार करतात, बागेत डबे सोडतात आणि पुढे कोयनानगरला धरण पाहायला जातात. समाधी आणि धरण एकाच दिवसात पाहून होतात. परंतु या दोहोंना जोडणारा एका आयुष्याचा धागा आहे, हे आपल्या पुष्कळदा ध्यानी येत नाही. तो धागा उलगडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी, आजोळी झाला. सागरेश्वराच्या डोंगराजवळचे हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. चव्हाणांचे मूळ घर विट्याचे. विटा-खानापूरचा भाग म्हणजे कायमचा दुष्काळी. कृष्णा हाकेच्या अंतरावरून वाहते, पण तिचे पाणी माळावर चढत नाही, हे दुःख या भागातील प्रत्येक घराला ठाऊक होते. वडील बळवंतराव कऱ्हाडच्या कोर्टात बेलिफ होते. प्लेगच्या साथीत ते गेले तेव्हा यशवंत अवघे चार-पाच वर्षांचे होते. आई विठाबाईंनी कष्ट करून मुलांना वाढवले. घरात पैसा नव्हता, अक्षरांची परंपरा नव्हती. होता तो आईचा धीर आणि थोरल्या भावांचा आधार.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच त्यांना देशकार्याची ओढ लागली. १९३२ साली सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. येरवडा आणि विसापूरचा तुरुंग हेच त्यांचे पहिले महाविद्यालय ठरले. तेथे त्यांनी वाचन केले, चर्चा ऐकल्या आणि स्वतःचे मत बनवायला ते शिकले. मॅट्रिक झाल्यावर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून १९३८ साली ते बी.ए. झाले. त्यांचे विषय होते इतिहास आणि राजकारण. म्हणजे पुढे धरणे, कारखाने आणि संरक्षण खाते सांभाळणारा हा माणूस आपल्यासारखाच कला शाखेचा विद्यार्थी होता, ही गोष्ट आपण अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९४१ साली ते वकील झाले. २ जून १९४२ रोजी वेणूताईंशी त्यांचा विवाह झाला आणि दोनच महिन्यांत चलेजाव चळवळीने त्यांना भूमिगत केले. संसार सुरू होण्यापूर्वीच वेणूताईंच्या वाट्याला तुरुंगवास आला.

१९४६ साली दक्षिण साताऱ्यातून ते मुंबईच्या विधानसभेवर निवडून गेले. प्रथम पार्लमेंटरी सेक्रेटरी, १९५२ नंतर पुरवठामंत्री आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, असा त्यांचा प्रवास झाला. तो काळ अतिशय बिकट होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने सारा प्रदेश पेटलेला होता. आपलीच माणसे त्यांना दोष देत होती. १९५७ च्या निवडणुकीत खुद्द कऱ्हाडला ते थोड्याच मतांनी वाचले. अशा दिवसांत त्यांच्या हाती एक काम होते, जे भाषणांनी होणारे नव्हते. ते म्हणजे कोयना प्रकल्प.

कोयनेच्या पाण्यापासून वीज करावी, हा विचार जुनाच. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास टाटांनी या खोऱ्याची पाहणी करविली होती. पण ती योजना कागदावरच राहिली. स्वातंत्र्यानंतर सरकारने ती हाती घेतली आणि १९५४ च्या सुमारास कामाला तोंड लागले. यातील कल्पना मोठी धाडसी होती. पूर्वेकडे जाणारी नदी हेळवाकजवळ सुमारे १०३ मीटर उंचीच्या धरणाने अडवायची, तिचे पाणी बोगद्याने सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला न्यायचे आणि कोकणच्या बाजूला सुमारे ४७५ मीटर खाली सोडायचे. पोफळीला डोंगराच्या आत कोरलेल्या वीजघरात ते पाणी जनित्रे फिरवते आणि पुढे वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. एवढ्या कामाला पैसा कोठून आणायचा, हा मोठा प्रश्न होता. जागतिक बँकेचे कर्ज मिळाले. द्वैभाषिक राज्य गेले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य आले, तरी काम थांबले नाही. १९६२ साली पहिले जनित्र फिरू लागले तेव्हा यशवंतरावच मुख्यमंत्री होते. त्याच वर्षी पंचायत राज्य सुरू झाले आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. वर्ष सरताना चीनच्या आक्रमणाने त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला नेले.

आज कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट आहे. महाराष्ट्राच्या कारखानदारीला या विजेने हात दिला, हे निर्विवाद आहे. परंतु चरित्र लिहिताना केवळ आरती ओवाळून चालत नाही. शिवाजीसागराच्या पाण्याखाली पाटण आणि जावळी तालुक्यांतील गावेच्या गावे गेली. भाताची खाचरे गेली, देवळे गेली, पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजार तुटले. कोणी ठाण्याला गेले, कोणी कुलाब्याला, कोणी सोलापूर-सांगलीच्या माळावर. डोंगरात नाचणी-भात पिकवणाऱ्या माणसाला काळ्या रानात नेऊन सोडले, तर तो लगेच रुजत नाही. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला. तोपर्यंत कोयनेचा जलाशय भरूनही जुना झाला होता. मुंबईत दिवे लागले. जलाशयाकाठच्या कित्येक वाड्यांना मात्र वीज, रस्ता आणि दवाखाना यांची पुढे कित्येक वर्षे वाट पाहावी लागली. त्या धरणग्रस्तांची मुले-नातवंडे या शतकातही जमिनीसाठी आंदोलने करताना आपण पाहिली आहेत.

त्यात ११ डिसेंबर १९६७ ची पहाट उजाडली. कोयनानगर भूकंपाने हादरले. दीडशेहून अधिक माणसे दगावली, हजारो घरे पडली. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. नंतर काँक्रीटचे टेकू देऊन ते अधिक बळकट करण्यात आले. त्या वेळी यशवंतराव देशाचे गृहमंत्री होते. संकट कोसळले ते त्यांच्या स्वतःच्या मुलखावर, त्यांच्याच कारकिर्दीत उभ्या राहिलेल्या धरणाच्या पायथ्याशी.

विस्थापितांचा हा दोष एकट्या यशवंतरावांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. काम त्यांच्या आधी सुरू झाले होते, आणि साऱ्या देशातच तेव्हा धरणग्रस्तांना पैसे देऊन मोकळे होण्याची रीत होती. पण विट्याच्या दुष्काळी मुलखातून आलेल्या, बेलिफाच्या घरात वाढलेल्या या माणसाला जमीन जाणे म्हणजे काय, हे इतरांपेक्षा अधिक कळत असणार. म्हणूनच त्यांच्या चरित्रातील हे पान आपल्याला अस्वस्थ करते. कर्तृत्ववान माणसाच्या हातूनही एखादा हिशेब अपुरा राहतो आणि तो पुढच्या पिढीला पुरा करावा लागतो.

तो हिशेब आज आठवण्याचे कारणही तसेच आहे. कोयनेत एकदा खाली गेलेले पाणी परत येत नाही. आता उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे युग आले आहे. यात डोंगरावर एक तळे आणि पायथ्याशी दुसरे असते. वीज मुबलक असेल तेव्हा, म्हणजे पूर्वी रात्री आणि आता सूर्याची वीज भरपूर असते त्या दुपारी, खालचे पाणी पंपाने वर चढवतात. संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज करतात. शंभर युनिट खर्चावेत तेव्हा पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. पण मिळतात ती गरजेच्या वेळी. हे धान्य पेवात साठवण्यासारखेच आहे. थोडी नासाडी होते, पण अडचणीच्या दिवसाला घर उपाशी राहत नाही. महाराष्ट्रात टाटांचा भिऱ्याचा १५० मेगावॉटचा संच आणि घाटघरचा २५० मेगावॉटचा सरकारी प्रकल्प याच तत्त्वावर चालतात. आपल्या पाटण तालुक्याच्या डोंगरांतही, तारळीसारख्या ठिकाणी, असे प्रकल्प योजले गेले आहेत.

खरे पाहता सातारा-सांगलीला पाणी चढवण्याची ही विद्या नवी नाही. ताकारी आणि टेंभूच्या उपसा योजना विजेच्या बळावर कृष्णेचे पाणी कडेगाव-खानापूरच्या माळावर चढवतात. यशवंतरावांच्या बालपणी जे पाणी नुसते डोळ्यांनी पाहायचे, ते आज त्यांच्या आजोळच्या आणि घरच्या मुलखात पाटाने वाहते. पश्चिमेच्या डोंगरात पाणी उतरते आणि वीज होते. पूर्वेच्या माळावर वीज खर्च होते आणि पाणी चढते. या दोन टोकांच्या मध्ये कऱ्हाड आहे, आणि कऱ्हाडला ती समाधी.

१९७० नंतर अर्थ व परराष्ट्र खाती, १९७९ साली उपपंतप्रधानपद, अशी अनेक पदे यशवंतरावांनी भूषविली. राजकारणात चढ आले तसे उतारही आले. १ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या आणि ते मनाने एकाकी झाले. आपल्या आयुष्याचा पूर्वभाग त्यांनी ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात लिहिला. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि कऱ्हाडच्या संगमावर त्यांना अखेरचा निरोप देण्यात आला.

पुढच्या सहलीत आपण प्रीतिसंगमावर जाल तेव्हा क्षणभर कोयनेच्या बाजूला तोंड करून उभे राहा. त्या नदीने महाराष्ट्राला उजेड दिला, आणि तो आणण्याच्या कामी यशवंतरावांचे हात लागले, याबद्दल कृतज्ञ असावे. त्याच नदीच्या वरच्या अंगाला बुडालेली गावे आहेत, तीही आठवावीत. उद्या त्याच डोंगरांत नवी तळी बांधली जातील. आपल्यापैकी कोणी तेव्हा तहसीलदार असेल, कोणी वकील, कोणी शिक्षक, तर कोणी सरपंच. पाणी वर चढवण्याचे काम यंत्रे करतील. ज्यांची घरे आणि शेते त्या तळ्यांखाली जातील, त्यांना आधी जमीन आणि मग धरण, हा क्रम मात्र आपल्यालाच लावावा लागेल. तो लागला, तर यशवंतरावांचे राहिलेले काम आपण पुढे नेले असे होईल.