मुंबई लोकलसाठी स्टेशन इंडिकेटर बनवणारा मराठी गडी लंडनमध्ये जाऊन विजेच्या पाट्या विकत होता

आळेफाट्याच्या स्टँडवर बोरी बुद्रुकला जायला थांबलेला माणूस सगळ्यात आधी काय बघतो? समोर येणाऱ्या गाडीच्या कपाळावरची पाटी. पूर्वी ती रंगवलेली असायची, आता बऱ्याच गाड्यांवर एलईडीची असते. मुंबईत लोकल पकडणाऱ्याचंही तेच. जिना उतरता उतरता मान आपोआप वर जाते आणि नजर इंडिकेटरवर थांबते.

आपण हे इतकं गृहीत धरलंय की हा विचार पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आला असेल, असा प्रश्नच पडत नाही. पण मुंबईच्या लोकल कोळशावर धावत होत्या, विजेची गाडी यायला अजून तीसेक वर्षं होती, तेव्हाच एक मराठी तरुण उपनगरी रेल्वेसाठी स्टेशन दाखवणाऱ्या यंत्राची जुळवाजुळव करत होता.

त्याचं नाव शंकर आबाजी भिसे. पुढे अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी त्याला भारताचा एडिसन म्हटलं आणि आपण त्याला जवळजवळ विसरून गेलो.

घरातच तयार केला कोळशाचा गॅस

भिसेंचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा, मुंबईचा. तेव्हा मुंबईत गिरण्यांचे भोंगे वाजायला लागले होते, रेल्वे येऊन चौदा वर्षं झाली होती. यंत्रं डोळ्यांसमोर होती, पण ती सगळी बाहेरून आलेली. ती कशी बनतात हे शिकवणारी शाळा जवळपास नव्हती.

मग भिसेंनी स्वतःच शिकायला घेतलं. 'सायंटिफिक अमेरिकन' हे अमेरिकन मासिक त्यांचं गुरू झालं. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी घरातच कोळशापासून गॅस तयार करणारं छोटं यंत्र बनवलं. सोळाव्या वर्षी ठरवून टाकलं, की आपण शोध लावायचे आणि त्यासाठी इंग्लंड नाहीतर अमेरिका गाठायची.

पंचविशी-तिशीच्या आसपास त्यांची डोकेबाजी वेगवेगळ्या दिशांनी पळत होती. कुणाला फसवून उघडता येणार नाही अशा बाटल्या, विजेवर चालणारी सायकलची उपकरणं आणि वर सांगितलेलं स्टेशन दाखवणारं यंत्र. सोबतीला दृष्टिभ्रमाचे प्रयोग. एक वस्तू बघता बघता दुसरी होऊन जाते, असे खेळ ते करून दाखवायचे. माणसाची नजर कशी फसते आणि कशी खिळते, हे त्यांना इथेच नीट कळलं असावं. पुढच्या धंद्यात ते कामाला आलं.

साखर मोजणाऱ्या यंत्रानं लंडनचं दार उघडलं

१८९० च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या एका शोधकांच्या मासिकानं स्पर्धा लावली. साखर, पीठ असल्या वस्तू आपोआप मोजून देणारं यंत्र सुचवायचं होतं. भिसेंनी मुंबईत बसून आराखडा पाठवला आणि स्पर्धा जिंकली.

यामुळे मुंबईतल्या मोठ्या माणसांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. काँग्रेसचे दिनशा वाच्छा त्यातले एक. वाच्छांनी दादाभाई नौरोजींच्या नावानं चिठ्ठी दिली आणि भिसे लंडनला निघाले.

दादाभाई म्हणजे ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले पहिले भारतीय खासदारांपैकी सगळ्यात गाजलेलं नाव. भारताची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते, याचा हिशेब त्यांनी आयुष्यभर मांडला. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. समोर एक भारतीय माणूस इंग्लंडमधून पैसा कमवायची भाषा करतोय म्हटल्यावर त्यांनी नुसता आशीर्वाद दिला नाही, गाठीचे पैसेही लावले.

लंडनच्या दुकानांत भिसेंची पाटी

लंडनमध्ये भिसेंनी पेटंटचा सपाटा लावला. स्वयंपाकघरातली उपकरणं, टेलिफोन, डोकेदुखीवरचं यंत्र, आपोआप पाणी सोडणारा संडास, इतकंच काय, १९०५ मध्ये बायकांच्या अंतर्वस्त्राचंही एक पेटंट.

या सगळ्यात चाललं ते एक यंत्र. विजेवर चालणारी जाहिरातीची पाटी. क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात ती मांडली गेली आणि मग लंडनच्या, वेल्सच्या दुकानांमध्येही दिसायला लागली.

आज याचं काही वाटत नाही. पण काळ बघा. निऑनची चमकती नळी जॉर्ज क्लॉद यांनी पॅरिसच्या प्रदर्शनात दाखवली ती १९१० साली. ज्यात तारेचे आकडे नारिंगी पेटतात आणि ज्याची घड्याळं बनवायला आज जगभरचे हौशी लोक जुन्या नळ्या शोधत फिरतात, ती निक्सी ट्यूब बाजारात आली १९५५ च्या सुमाराला. त्या नळीत शून्य ते नऊ असे दहा आकडे एकामागे एक उभे असतात. ज्या आकड्याला वीज मिळते, त्याच्याभोवतीचा निऑन वायू पेटतो. सत्तरच्या दशकात एलईडी आले आणि या नळ्या मागे पडल्या.

म्हणजे निऑन नाही, निक्सी नाही, एलईडी तर नाहीच. त्या काळात ग्राहकाची नजर विजेनं खेचून घ्यायची हे भिसेंनी ओळखलं होतं.

पण भिसेंना पाटीवर थांबायचं नव्हतं

त्यांचं खरं वेड होतं छपाई.

तेव्हा पुस्तक छापायचं म्हणजे शिशाचे खिळे लागायचे. एकेक अक्षराचा खिळा ओतायचा, खिळे जुळवायचे, मग पान छापायचं. लायनोटाइप आणि मोनोटाइप या कंपन्यांच्या यंत्रांनी हे काम वेगवान केलं होतं, पण ती यंत्रं महाग आणि गुंतागुंतीची. भिसेंनी साधं, स्वस्त आणि जास्त वेगानं खिळे ओतणारं यंत्र काढलं. नाव ठेवलं 'स्पॅसोटाइप'.

आता यात पैसा लागणार होता आणि तोही भरपूर. दादाभाईंनी इंग्लंडमधले समाजवादी पुढारी हेन्री हाइंडमन यांच्याशी गाठ घालून दिली. हाइंडमननी १५ हजार पौंड उभे करायचं मनावर घेतलं. भिसे त्या भरवशावर राहिले. महिने गेले, वर्षं गेली, पैसे काही आले नाहीत. दादाभाई १९०७ मध्ये भारतात परतले. भिसेंचाही हात आखडला. १९०८ च्या अखेरीस गाशा गुंडाळून ते मुंबईच्या बोटीत बसले.

इथे गोष्ट संपायची. पण त्याच प्रवासात त्यांना गोपाळ कृष्ण गोखले भेटले.

गोखले गणिताचे प्राध्यापक राहिलेले, सरकारचं बजेट आकड्यानिशी सोलून काढणारे. त्यांना भिसेंच्या यंत्रात दम वाटला. त्यांनी रतन टाटांकडे शब्द टाकला. हे रतन टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, आपल्या पिढीला माहीत असलेले नव्हेत. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गांधीजींच्या लढ्याला पैसा पुरवणारे हेच.

१९१० मध्ये लंडनला 'टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट' उभं राहिलं. भिसेंनी यंत्रात सुधारणा केल्या. पण यंत्र चालणं वेगळं आणि विकलं जाणं वेगळं. जमलेल्या कंपन्यांच्या बाजारात नव्या माणसाला शिरकाव मिळेना. त्यात १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं. पैसा जात होता, येत नव्हता. पुढच्याच वर्षी टाटांनी हात काढून घेतला.

पन्नाशीत पुन्हा शून्यापासून

भिसेंनी तेव्हा पन्नाशी गाठत आणली होती. दोन वेळा उभे राहून दोन वेळा पडले होते. त्यांनी बिऱ्हाड उचललं आणि न्यूयॉर्क गाठलं.

खिळे ओतायचं यंत्र तिथेही सोडलं नाही. पण संसार सावरला तो वेगळ्याच गोष्टीनं. आयोडीनपासून त्यांनी एक औषध तयार केलं. पुढे ते 'ॲटॉमिडीन' नावानं विकलं गेलं आणि हातात पैसा खुळखुळू लागला. त्या औषधाबद्दल तेव्हा जे मोठमोठे दावे झाले ते आजच्या कसोटीवर घासून बघावे लागतील, पण भिसेंना आयुष्यात पहिल्यांदा स्वस्थता मिळाली ती त्यामुळेच.

१९३० च्या अखेरीस ते खुद्द थॉमस एडिसनना भेटले. ज्याच्या देशातलं मासिक वाचून मुंबईतला एक मुलगा यंत्रं जोडायला शिकला, त्या देशातल्या सगळ्यात मोठ्या शोधकासमोर तो पोचला होता. पुढच्या वर्षी एडिसन गेले. ७ एप्रिल १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये भिसेंनीही डोळे मिटले. सुमारे २०० शोध आणि ४० च्या आसपास पेटंटं त्यांच्या नावावर सांगितली जातात.

मग एडिसन घराघरात आणि भिसे कुठेच का नाहीत?

डोकं कमी पडलं असं म्हणता येत नाही. एडिसनच्या मागे प्रयोगशाळा होती, हाताखाली माणसांची फौज होती, पैसा लावणारे बँकवाले होते आणि दारात स्वतःच्या देशाची बाजारपेठ होती. भिसेंकडे चिठ्ठ्या होत्या. वाच्छांची, दादाभाईंची, गोखल्यांची. प्रत्येक वेळी कुणीतरी चांगला माणूस पाठीशी उभा राहिला, पण चांगली माणसं म्हणजे कारखाना नव्हे. गुलाम देशात यंत्र बनवायला कारखाना नाही, विकायला आपलं सरकार नाही, म्हणून शोधकाला बोट पकडून परक्या दारात जावं लागलं.

आणि त्यांनी जिंकायला घेतलेलं मैदानही काळानं मोडून टाकलं. शिशाचे खिळे गेले, छापखाने कॉम्प्युटरवर आले. ज्या यंत्रापायी भिसेंनी उमेदीची वर्षं घातली, त्याची गरजच उरली नाही.

उरली ती पाटी, जी त्यांनी मधल्या वेळात करून टाकली होती. पुढच्या वेळी गाडीला उशीर झाला आणि नजर इंडिकेटरवर खिळली, तर तेवढ्या दोन मिनिटांत शंकर आबाजी भिसेंची आठवण काढायला हरकत नाही.