आधी उचलायचं की आधी ठेवायचं?

लेखाचं नाव वाचून कुणी म्हणेल, हा काय प्रश्न झाला? वस्तू आधी उचलतात, मग ठेवतात. मलाही असंच वाटायचं. पण मागच्या सेमिस्टरला एका बोटीने आणि शंभर वर्षांपूर्वीच्या एका माणसाने माझं मत बदललं. तो माणूस म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. बोटीची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण तिच्याशिवाय मी त्यांच्यापर्यंत पोचलोच नसतो.

आमच्या चौघांचा प्रोजेक्ट म्हणजे जलपर्णी काढणारी सोळा फुटी लोखंडी बोट. मी वडूजचा, त्यामुळे पत्र्याचं काम वडूजला करून घेतलं आणि ट्रायल येरळवाडीच्या तलावात ठरली. रीतसर परवानगी काढली, ट्रायल झकास झाली. आता बोट पाण्यातून काढून ट्रकने कॉलेजला न्यायची होती. व्हायव्हाला चार दिवस होते. ही जबाबदारी मी छाती पुढे काढून घेतली.

हायड्रा ठरवला, ट्रक ठरवला, बेल्ट आणले. बोटीचं वजन सहाशे किलो धरलं होतं. हायड्रावाल्या मामांनी हुक लावायच्या आधी आत डोकावून पाहिलं आणि हसलेच! तळाशी चार बोटं पाणी साचलेलं. आम्ही इंजिनिअर लोकांनी हिशोब केला तेव्हा कळलं की सात चौरस मीटर तळावर एवढं पाणी म्हणजे जवळजवळ अर्धा टन. शिवाय बोट जरा कलली की ते सगळं एका टोकाला धावणार. ते उपसलं. मग बेल्टचा कोन. दोन बेल्ट आडव्याशी तीस अंशात पसरले तर प्रत्येक बेल्टवर अख्ख्या बोटीएवढा ताण येतो, हे मेकॅनिक्सच्या पेपरात लिहून मी मार्क मिळवले होते. तलावावर मात्र ते मामांनी सांगितल्यावर आठवलं! लांब बेल्ट घेतले, कडा दबू नयेत म्हणून मध्ये वासा टाकला आणि बोट उचलली.

ती हवेत असतानाच ट्रकवाल्याने विचारलं, की तिकडे उतरवणार कोण? मी गप्प. कॉलेजवर क्रेन नव्हती, सुट्टीचा दिवस होता, आणि वडूजचा हायड्रा काही इतक्या लांब येत नसतो. वर्कशॉपच्या गेटची रुंदीही मी मोजली नव्हती. बोट परत काठावर आली, जुन्या टायरांवर. ट्रकचं भाडं गेलं, हायड्राचं गेलं. तिघे मित्र माझ्याशी बोलेनात.

संध्याकाळी घरी तोंड पाडून बसलो होतो. आमच्या आबांनी उमेदीची वर्षं किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात काढली आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की लक्ष्मणरावांनी अख्खा कारखाना उचलला होता, तो कसा ते ऐक. मग दोन दिवस, बोट काठावर आणि मी आबांपुढे, अशी माझी शिकवणी झाली.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. लहानपणापासून दोन वेडं, चित्रं आणि यंत्रं. शाळेच्या अभ्यासात मन रमेना, म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे लक्षात आलं, की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला याहून मोठा धक्का कोणता? आपल्यापैकी एखादा बॅग भरून घरी गेला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यांत्रिक ड्रॉइंगला रंग लागत नाहीत! त्यात ते इतके तयार झाले, की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्ही.जे.टी.आय.मध्ये, शिकवायला लागले. तिथली यंत्रं हाताळून, उघडून, जोडून त्यांनी स्वतःचं शिक्षण पुरं केलं. त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, हे आपण डिग्रीवाल्यांनी लक्षात ठेवावं.

नोकरी चालू असतानाच १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान निघालं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, थोरले बंधू रामुअण्णा बेळगावात त्या विकायचे आणि लोकांना चालवायला शिकवायचेसुद्धा. पुढे नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्याला जागा मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. पण इथे नीट बघा. मुंबईतून बिऱ्हाड उचललं तेव्हा ठेवायची जागा बेळगावात आधीच तयार होती. ते दुकान त्यांनी नोकरीत असतानाच उभं केलं होतं.

बेळगावात त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर. तेव्हा शेतकऱ्यांचा समज असा, की लोखंड लागलं की जमिनीत विष पसरतं. लाकडी नांगर सोडायला कुणी तयार होईना. पहिले नांगर दोन वर्षं पडून राहिले. माल चांगला होता, पण घेणाऱ्याच्या मनात त्याला जागा नव्हती. ती व्हायला वेळ लागला. लक्ष्मणरावांनी तो दिला, आणि मग मात्र नांगर खपू लागले.

जरा बस्तान बसतंय तोवर आभाळ कोसळलं. नगरपालिकेला त्या जागेवर नवी वस्ती वसवायची होती, कारखाना हलवा असा हुकूम आला. वय चाळिशीचं, हातात पैसा बेताचा, आणि यंत्रं, भट्टी, माल, कामगार हे सगळं न्यायचं कुठे? तेव्हा हायड्राही नव्हते आणि ट्रकही नव्हते. पण लक्ष्मणरावांची खरी अडचण उचलण्याची नव्हतीच, ठेवण्याची होती. हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढे हुकाला लटकलेली बोट आली.

इथे आमच्या खटाव तालुक्याचा संबंध येतो. औंधच्या संस्थानाचे अधिपती श्रीमंत भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार, गुणी माणसांची पारख असलेले. त्यांची आणि लक्ष्मणरावांची ओळख होती, आणि औंधच्या यमाई देवीच्या सभामंडपाचं काम त्यांनी लक्ष्मणरावांवर सोपवलं होतं. कारखान्यावरचं संकट कळल्यावर त्यांनी आपल्या संस्थानातली जागा देऊ केली. औंध संस्थान सलग नव्हतं, तुकड्या-तुकड्यांत पसरलेलं होतं. त्यातल्या कुंडल भागात रेल्वे स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपयांचं कर्ज त्यांनी दिलं. माळ कसला, निवडुंग आणि साप! पण रेल्वे शेजारी. कच्चा माल आणायचा, तयार माल पाठवायचा, तर हाच त्या जागेचा मोठा गुण.

१० मार्च १९१० हा वाडीचा स्थापना दिवस. लक्ष्मणराव नुसती यंत्रं घेऊन आले नाहीत. पंचवीसेक कामगार आपली बायकामुलं घेऊन त्या निवडुंगात राहायला आले. बेळगावातलं घर सोडून माळावर यायला माणूस कशावर तयार होतो? पगारावर नक्कीच नाही. मालकावर विश्वास असावा लागतो. लक्ष्मणरावांनीही तो उलट दाखवला. तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी वाडीच्या रखवालीवर नेमलं आणि त्या माणसांनी तो विश्वास राखला, ही गोष्ट आबांनी मला दोनदा सांगितली.

पुढचं आपल्याला थोडंफार ठाऊक असतं. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्कर खबर हे मासिक वाडीतून सुरू केलं. १९२६ मध्ये पंप तयार झाला. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं निघाली. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एम.आय.टी.त शिकून आले आणि त्यांनी व्याप कितीतरी वाढवला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ साली, जन्मशताब्दीला, त्यांचं टपाल तिकीट निघालं.

आता बोटीकडे येतो. तिसऱ्या दिवशी मी आधी कॉलेजवर गेलो. गेट मोजलं, वरच्या तारा पाहिल्या, वर्कशॉपच्या सरांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी तीन पाइपांची तिपाई आणि दोन टनांची चेन पुली काढून दिली. मित्रांची माफी मागितली, आणि बोट उतरवायला कोण कुठे उभं राहणार ते चौघांनी मिळून ठरवलं. मग वडूजला हायड्रावाल्या मामांना फोन केला. त्या रात्री कॉलेजच्या आवारात बोट पुलीला लावून ट्रकवरून चार इंच वर घेतली, खालून ट्रक हळूच पुढे काढला आणि बोट टायरांवर टेकवली. पंधरा मिनिटांचं काम! व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी जलपर्णीपेक्षा बेल्टच्या कोनावरच जास्त प्रश्न विचारले.

मला वाटायचं, लक्ष्मणरावांना राजाने जागा दिली म्हणून ते तरले, नशीब त्यांचं. आबांना ते पटत नाही. त्यांचं म्हणणं, संकट आलं त्या दिवशी राजाची ओळख काढायला कुणी गेलं असतं तर माळच काय, पाणीही मिळालं नसतं. आधीची कामं चोख झालेली होती, आणि ठेवायची जागा त्या कामांनीच तयार केली होती.

येत्या मे महिन्यात आम्ही फायनलची मुलं होस्टेलच्या खोल्या रिकाम्या करू. गाद्या, बादल्या, पुस्तकं उचलायला एक टेम्पो पुरेल. हे सगळं घेऊन स्वतःला कुठे ठेवायचं, ते अजून पुरतं ठरलेलं नाही. पण या वेळी मी ट्रकवाल्याने विचारायची वाट बघणार नाही, एवढं नक्की!

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी