टेस्ला यांची होडी आणि ड्रोनचा रिमोट

ड्रोन हवेत उभा आहे, वारा पडलेला आहे आणि चालवणाऱ्याने रिमोटच्या दोन्ही दांड्यांवरून बोटे काढली आहेत. तरीही यंत्र हळूहळू उजवीकडे वळू लागते. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्यांपासून पिकावर फवारणी करणाऱ्यांपर्यंत अनेकांना हा प्रकार माहीत असतो. पहिला संशय मोटारीवर किंवा पंख्यांवर जातो. पण कित्येकदा दोष हातातल्या रिमोटमध्ये असतो. दांडी मध्यावर आहे असे डोळ्यांना दिसते, रिमोटच्या हिशेबात मात्र ती थोडी कललेली असते. ड्रोन बिचारा मिळालेली आज्ञा इमानाने पाळत असतो.

दूरच्या यंत्राला बिनतारी आज्ञा द्यायची, तर ती त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजे, दोन्हीकडे तिचा अर्थ एकच असला पाहिजे आणि ती योग्य हातातूनच आलेली असली पाहिजे. या तिन्ही अडचणींशी सव्वाशे वर्षांपूर्वी एक माणूस झुंजला होता. त्याचे नाव निकोला टेस्ला.

टेस्ला यांचा जन्म 10 जुलै 1856 रोजी स्मिलयान या गावी झाला. तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात असलेले हे गाव आज क्रोएशियात आहे. कुटुंब सर्बियन, वडील धर्मगुरू. आई शाळेत गेलेली नव्हती, पण घरकामाची अवजारे स्वतः तयार करण्यात तिचा हातखंडा होता. आपल्यातली शोधक वृत्ती आईकडून आली, असे टेस्ला पुढे मानत. मुलाने आपल्यासारखेच धर्मगुरू व्हावे ही वडिलांची इच्छा होती. 1873 मध्ये शालेय शिक्षण संपवून घरी परतलेल्या टेस्ला यांना कॉलऱ्याने गाठले आणि ते सुमारे नऊ महिने अंथरुणाला खिळले. मुलगा हाती लागत नाही असे दिसू लागले, तेव्हा वडिलांनी त्याला अभियांत्रिकी शिकवण्याचे वचन दिले. मुलगा वाचला आणि वडिलांनी शब्द पाळला.

ग्राझच्या तंत्रशाळेत त्यांच्यासमोर विजेचे एक यंत्र आले. चालताना त्याच्या ब्रशपाशी सतत ठिणग्या उडत. तो त्या यंत्राचा स्वभावच आहे, असे शिक्षकांचे मत होते. टेस्ला यांना मात्र ते पटेना. ब्रशच नको असेल तर काय करावे लागेल, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात काही वर्षे घोळत राहिला. 1882 मध्ये बुडापेस्टमध्ये त्यांना उत्तर सापडले: प्रत्यावर्ती प्रवाहाने फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण करायचे आणि त्याच्यामागे मोटार फिरू द्यायची. आज जगभरच्या कारखान्यांत आणि पाण्याच्या पंपांत याच तत्त्वावर मोटारी चालतात.

पदवी त्यांनी पूर्ण केली नाही. पोटासाठी ते एडिसन यांच्या पॅरिसमधल्या कंपनीत रुजू झाले आणि तिथे त्यांचे काम होते बिघाड शोधण्याचे. स्ट्रासबर्गच्या रेल्वे स्थानकातल्या वीजकेंद्रात जर्मन सम्राटांसमोरच शॉर्टसर्किट होऊन भिंतीचा भाग उडाला होता. ते निस्तरायला टेस्ला यांना पाठवले गेले. 1884 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि एडिसन यांच्या कारखान्यात लागले. ओरेगॉन नावाच्या जहाजाची दिव्यांची दोन्ही यंत्रे बंद पडल्याने जहाज बंदरात अडकले होते. टेस्ला संध्याकाळी अवजारे घेऊन गेले, रात्रभर खपून तुटलेल्या आणि एकमेकींना चिकटलेल्या तारा शोधल्या आणि पहाटे यंत्रे सुरू करून परतले. लोकांच्या मनात टेस्ला म्हणजे विजेच्या लखलखाटात बसलेला जादूगार. तो जादूगार मुळात एक चिवट दुरुस्तीवाला होता, हे लक्षात ठेवले तर त्यांचे पुढचे काम नीट समजते.

एडिसन यांच्याकडची नोकरी काही महिनेच टिकली. नंतरची भागीदारी फसली आणि काही काळ त्यांनी न्यूयॉर्कमध्ये खड्डे खणण्याची मजुरी केली. 1888 मध्ये मोटारीची पेटंटे मिळाली, वेस्टिंगहाऊस यांनी ती वापरायला घेतली आणि दिवस पालटले. 1893 चे शिकागोचे जागतिक प्रदर्शन प्रत्यावर्ती विजेने उजळले. 1896 मध्ये नायगाऱ्याची वीज बफेलो शहरात पोहोचली. पण त्याआधीच, मार्च 1895 मध्ये, टेस्ला यांची प्रयोगशाळा आगीत खाक झाली होती. यंत्रे आणि टिपणे, सारे गेले. त्यांनी नवी जागा घेतली आणि बिनतारी लहरींचे काम पुन्हा उभे केले.

त्या कामातून 1898 मध्ये एक छोटी होडी तयार झाली. लांबी साधारण चार फूट, पोटात बॅटऱ्या, एक मोटार पुढे ढकलायला आणि दुसरी सुकाणू वळवायला. वर लहरी पकडणारी दांडी आणि खुणेचे दिवे. टेस्ला दूर उभे राहून एका पेटीवरचा खटका फिरवत आणि होडी वळे, थांबे, दिवे लुकलुकवी. मधे एकही तार नव्हती. न्यूयॉर्कमध्ये ही होडी पाहणाऱ्यांपैकी अनेकांना ही हातचलाखी वाटली. 1 जुलैला त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. टेस्ला यांच्या आठवणींनुसार दाव्यावर विश्वास न बसल्याने पेटंट कार्यालयाचा वरिष्ठ परीक्षक स्वतः न्यूयॉर्कला येऊन होडी पाहून गेला. 8 नोव्हेंबर 1898 रोजी 6,13,809 क्रमांकाचे पेटंट मंजूर झाले. त्यात होडीबरोबर गाडी आणि फुगा यांचाही समावेश होता. म्हणजे दुरून चालवायचे उडते यंत्र तेव्हाच कागदावर आले होते.

पहिली अडचण होती आज्ञा ऐकण्याची. त्या काळी लहरी ओळखायला धातूच्या कणांनी भरलेली एक नळी वापरत. लहर आली की कण एकमेकांना धरतात आणि त्यातून वीज वाहू लागते. पण ते एकदा जुळले की सुटत नाहीत, त्यामुळे पुढची आज्ञा नळीला ऐकूच येत नाही. इतर संशोधक नळीला टिचकी मारून कण मोकळे करत. टेस्ला यांनी अशी रचना केली की प्रत्येक संकेतानंतर नळी आपोआप उलटी होई, कण सुटत आणि यंत्र नव्या आज्ञेसाठी कोरे होई. आजच्या ड्रोनमध्ये ती नळी नाही, पण ऐकू न येण्याची तक्रार आहेच. रिमोटचे अँटेना भाल्यासारखे ड्रोनवर रोखले की संकेत कमजोर होतो, कारण टोकाच्या दिशेने लहरी सर्वांत कमी जातात. अँटेनाची सपाट बाजू ड्रोनकडे हवी. मधे इमारत किंवा दाट झाडी आली तरी संकेत तुटतो. तेव्हा ड्रोनने काय करावे, जागीच थांबावे की निघाल्या जागी परतावे, हे उड्डाणापूर्वी ठरवून ठेवायचे असते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. टेस्ला यांच्या होडीत प्रत्येक संकेताला एक चकती एकेक घर पुढे सरके: उजवीकडे, थांब, डावीकडे, थांब. पेटीवरचा खटका आणि होडीतली चकती एकाच घरात असतील तरच मेळ. एखादा संकेत वाटेत हरवला, तर हाताला वाटणार थांबलो आणि होडी वळतच राहणार. आज रिमोटच्या दांडीबाबत नेमके हेच घडते. दांडीखाली तिची जागा मोजणारा एक भाग असतो. काहींत तो घासणारा रोधक असतो, काहींत बारीक चुंबक आणि त्याचे क्षेत्र मोजणारा संवेदक. धूळ, झीज, उन्हातली गाडी किंवा एखादी आपट यांमुळे त्याचा शून्य हलतो. तो शून्य रिमोटला पुन्हा शिकवणे म्हणजेच कॅलिब्रेशन.

पद्धत सोपी आहे, पण घाईची नाही. आधी दांडीच्या मुळाशी अडकलेली धूळ मऊ ब्रशने झाडावी. बहुतेक कॅमेरा-ड्रोनमध्ये ड्रोन बंद आणि रिमोट सुरू ठेवून मेनूतले रिमोट कॅलिब्रेशन निवडायचे असते. नेमका क्रम त्या यंत्राच्या पुस्तिकेतून घ्यावा. रिमोट सपाट जागी ठेवून दांड्यांना हात न लावता मध्य नोंदवू द्यायचा. मग प्रत्येक दांडी चारही दिशांना अगदी टोकापर्यंत न्यायची आणि बाजूची चाकेही पूर्ण फिरवायची. टोकापर्यंत न नेता हात आवरला, तर रिमोट अर्ध्यालाच पूर्ण समजतो. शेवटी पडद्यावरचे आकडे पाहायचे: सोडल्यावर शून्य, टोकाला पूर्ण. दुसऱ्या दिवशी शून्य पुन्हा हललेला दिसला, तर भाग झिजला आहे. तो बदलून घ्यावा, रोज कॅलिब्रेशन करून उडवत राहू नये. आकडे बरोबर असूनही ड्रोन भरकटत असेल, तर रिमोट निर्दोष आहे. मग होकायंत्र, पंखे आणि ड्रोनमधले इतर संवेदक तपासायचे. घरात किंवा टेबलावर ड्रोन सुरू करून तपासताना पंखे काढून ठेवावेत. फिरते पाते बोट कापते आणि डोळाही घालवू शकते.

तिसरी अडचण होती परक्या आज्ञेची. कोणीही त्याच लहरी सोडल्या तर होडी त्याचेही ऐकेल. यावर टेस्ला यांनी शोधलेल्या उपायाची पेटंटे 1903 मध्ये मंजूर झाली. दोन वेगवेगळ्या कंप्रतेच्या लहरी एकाच वेळी आल्या तरच यंत्राने हलायचे, एकीने नाही, असा तो उपाय. दोन किल्ल्यांनी उघडणारे कुलूपच जणू. आज रिमोट आणि ड्रोन यांची जोडी एकदा लावून दिली जाते आणि संकेत सांकेतिक रूपात कंप्रता बदलत जातात, त्यामुळे शेजारच्या रिमोटची आज्ञा आपला ड्रोन मानत नाही. रिमोट किंवा त्यातली प्रणाली बदलल्यावर ड्रोन प्रतिसादच देईनासा झाला, तर ही जोडी पुन्हा लावून पाहावी.

होडी तयार झाली ते वर्ष अमेरिका आणि स्पेन यांच्या युद्धाचे होते. अशा शस्त्राच्या धाकानेच युद्धे थांबतील, असे टेस्ला यांना वाटे आणि पेटंटातही त्यांनी तशी आशा व्यक्त केली. ती फोल ठरली, हे आज युद्धभूमीवरचे ड्रोन रोज सांगतात. पुढे वॉशिंग्टनमध्ये त्यांनी ही कल्पना मांडली तेव्हा अधिकारी हसला, अशी आठवण त्यांनी नोंदवली आहे. पण त्याच पेटंटात या यंत्रांचे दुसरेही उपयोग आहेत: बुडणाऱ्यांना वाचवणे, पत्रे आणि अन्न पोहोचवणे, जिथे माणूस पोहोचत नाही तिथे संपर्क साधणे. डिसेंबर 2021 मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या गावी ड्रोनने कोविड लशीच्या 300 मात्रा नेण्यात आल्या, ते याच यादीतले काम.

टेस्ला यांचे पुढचे आयुष्य उताराचे होते. बिनतारी वीज आणि संदेश जगभर पोहोचवण्यासाठी 1901 मध्ये त्यांनी लाँग आयलंडवर उंच मनोरा उभारायला घेतला. त्यासाठी मॉर्गन यांनी दीड लाख डॉलर दिले, पण ते पुरले नाहीत. डिसेंबर 1901 मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिकपार संदेश पोहोचवला आणि भांडवलदारांचा उत्साह ओसरला. 1917 मध्ये मनोरा पाडण्यात आला. शेवटची वर्षे त्यांनी हॉटेलच्या खोल्यांत, कर्जात आणि कबुतरांच्या सोबतीत काढली. 1937 मध्ये टॅक्सीने धडक दिली, तरी त्यांनी डॉक्टरकडे जायचे नाकारले. 7 जानेवारी 1943 रोजी न्यूयॉर्कर हॉटेलच्या खोलीत वयाच्या 86 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

1960 मध्ये चुंबकीय क्षेत्राची तीव्रता मोजण्याच्या एककाला त्यांचे नाव देण्यात आले. रुग्णालयातल्या एमआरआय यंत्रावर दीड किंवा तीन टेस्ला असा आकडा असतो, तो हाच. पृथ्वीचे क्षेत्र त्या मानाने फार क्षीण, जागेनुसार साधारण 25 ते 65 मायक्रोटेस्ला. ड्रोनमधले होकायंत्र तेवढ्यावर दिशा ठरवते. म्हणून होकायंत्राचे कॅलिब्रेशन करताना गाडी, लोखंडी गज असलेला स्लॅब आणि खिशातला मोबाइल यांपासून लांब, मोकळ्या जागी जायचे असते. पुढच्या वेळी पडद्यावर ती सूचना आली, तर ती वगळून घाईने उड्डाण करू नये. ड्रोन खाली उभ्या माणसांच्या डोक्यावरून जाणार असतो आणि हातातल्या दांडीचा व त्या यंत्राचा मेळ आहे की नाही, हे पाहण्याची खरी वेळ तो जमिनीवर असतानाच असते.