पद्मिनीच्या बॉनेटखालचा रॉकर आणि वालचंद हिराचंद यांचा हट्ट

गणपतीचे दिवस. मुंबईहून हेदवीला निघालेलं चाकरमानी कुटुंब. काळी-पिवळी प्रीमिअर पद्मिनी, टपावर बांधलेल्या बॅगा, आत कोंबलेली माणसं. कशेडी घाट चढायचा, चिपळूणला वळायचं, गुहागर गाठायचं आणि मग हेदवीच्या दशभुज गणपतीला हात जोडायचे.

घाटात बॉनेटखालून टिक टिक आवाज यायला लागला की ड्रायव्हर ठरलेलं निदान करायचा. टॅपेट वाजतायत!

हा आवाज यायचा रॉकर आर्मपाशी. हाताच्या पंजाएवढाही नसलेला हा लोखंडी भाग भारतात बनावा म्हणून एका माणसाने इंग्रज सरकारशी वर्षानुवर्षं झुंज घेतली. त्या माणसाचं नाव वालचंद हिराचंद दोशी.

आधी रॉकर म्हणजे काय ते समजून घेऊ

इंजिनात हवा आणि पेट्रोल आत घेणारे, धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. ते कधी आणि किती उघडायचे हे कॅमशाफ्ट ठरवतो. पद्मिनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. मग खालचा धक्का वर पोचवायचा कसा? कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरचं एक टोक वर उचलतो आणि रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्ह खाली दाबतं. जत्रेतल्या सी-सॉसारखंच.

हा सगळा खेळ मिलिमीटरच्या छोट्या भागांत चालतो. असे भाग हजारोंच्या संख्येने, एकसारख्या मापाचे बनवता येणं म्हणजे गाडी बनवणं. परदेशातून पेट्या मागवून नट-बोल्ट आवळणं म्हणजे फक्त जोडणी. वालचंद यांना पहिली गोष्ट करायची होती.

सोलापूरचा रेल्वे ठेकेदार

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणं मूळचं गुजरातमधलं, व्यापार-सावकारीत स्थिरावलेलं. कॉलेजचं शिक्षण अर्धवट सुटलं. घरच्या धंद्यात मन रमेना. मग लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाला जोडीला घेऊन त्यांनी रेल्वेची बांधकामं घ्यायला सुरुवात केली. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेला हा प्रवास पुढे बोरघाटातल्या बोगद्यांपर्यंत गेला.

पण एका धंद्यात थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

१९१९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या भागीदारांनी ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाकडून एक जहाज घेतलं. नाव लॉयल्टी. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघालं आणि म्हणून आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन असतो. यातूनच सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून तिला बुडवायचा प्रयत्न केला, पण ती टिकली. दाभोळ, जयगड अशा बंदरांना मुंबईशी जोडणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही पुढे सिंदियाच्याच छत्राखाली आली. म्हणजे हेदवीच्या आसपासच्या माणसांचा वालचंद यांच्याशी संबंध पद्मिनीच्या आधी बोटीनेच जोडला होता.

विमान झालं, जहाज झालं, मोटार मात्र अडली

१९३९-४० च्या सुमारास वालचंद यांनी एकाच वेळी तीन स्वप्नं हातात घेतली.

डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. तीच आजची एचएएल. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याची पायाभरणी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. तिसरं स्वप्न मोटारीचं.

भारतात मोटार कारखाना काढायची योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मांडत होते. वालचंद यांनी ती उचलून धरली. अमेरिकेत वाटाघाटी केल्या आणि क्रायस्लर कंपनीशी करार जमवला. अडचण दिल्लीत होती. युद्ध सुरू होतं आणि मोटार कारखाना युद्धाच्या कामाचा नाही, अशी सरकारची भूमिका होती. कारण काहीही सांगितलं गेलं तरी परिणाम एकच होता. भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्या बाहेरून येत राहिल्या.

तेव्हा मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून चालू होता. पण तिथे काम मुख्यतः जोडणीचं. इंजिनाचा जीव असलेले भाग परदेशातूनच यायचे.

वालचंद थांबले नाहीत. १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन झाली. कारखाना कुर्ल्याला. १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होत असताना, तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवात डॉज, प्लिमथ आणि ट्रकपासून झाली, तीही जोडणी करूनच. सगळे भाग इथे बनवायचं काम अजून पुढे होतं.

ते काम बघायला वालचंद यांच्याकडे वेळ उरला नव्हता. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. कारभारातून बाजूला व्हावं लागलं. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं.

ते गेले आणि फियाट आली

त्याच वर्षी सरकारी धोरणाने कूस बदलली. सुटे भाग इथेच बनवायचा आराखडा नसेल तर गाशा गुंडाळा, असा त्याचा अर्थ होता. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने भारतातली जोडणी बंद केली. फोर्डही गेली. आणि त्याच १९५४ मध्ये प्रीमिअरने इटलीच्या फियाटची ११०० ही गाडी आणली. हळूहळू एकेक भाग भारतात बनू लागला. हीच गाडी १९७० च्या दशकात पद्मिनी झाली.

इंजिन १०८९ सीसीचं, ताकद साधारण ४० हॉर्सपॉवर. टॅक्सीला पुरेशी, शर्यतीला कमी. मग मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट पळवणाऱ्यांनी या इंजिनाला हात घातला. पहिला मोह हाय-लिफ्ट कॅमशाफ्टचा. व्हॉल्व्ह जास्त उघडला की जास्त हवा आत, म्हणजे जास्त ताकद.

पण इथेच रॉकर हिशेब मागतो.

समजा कॅम ६ मिलिमीटर उचल देतो आणि रॉकरचं गुणोत्तर १.५ आहे. व्हॉल्व्ह ९ मिलिमीटर उघडेल. कॅम बदलून उचल ७ केली तर साडेदहा. वर रॉकरही १.६ चा लावला तर ११.२. दोन्ही एकदम वाढवलं की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटायची भीती. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकले तर पुशरॉड वाकतो. म्हणून आधी स्प्रिंगला किती जागा उरते आणि व्हॉल्व्ह-पिस्टनमध्ये किती अंतर आहे हे मोजायचं, मग रॉकर निवडायचा.

दुसरी गोष्ट कोनाची. जुनाच कॅम घासून लिफ्ट वाढवला तर त्याचा मूळ गोल भाग लहान होतो आणि टॅपेट खाली बसतो. मग पुशरॉड लांब लागतो. नाहीतर रॉकर तिरका पडतो, व्हॉल्व्हच्या दांडीला बाजूने ढकलतो आणि गाइड लवकर झिजतं.

तिसरी गोष्ट मजबुतीची. लिफ्ट थोडाच वाढवला असेल तर न झिजलेला कंपनीचा रॉकर पुरतो. कडक स्प्रिंग असेल तर जास्त भक्कम रॉकर लागतो. टोकाला रोलर असलेला घेतला तर घर्षण कमी होतं.

थोडक्यात, एक भाग बदलला की त्याच्या शेजारचे सगळे तपासावे लागतात.

दुसरी बाजूही आहे

वालचंद यांचा हट्ट खरा ठरला, पण त्याची किंमतही होती. परदेशी स्पर्धा बंद झाल्यावर गाडी बदलायची घाई कुणाला राहिली नाही. लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावून वाट पाहिली आणि हातात आली ती जवळपास तीच जुनी गाडी, तेच इंजिन.

पण याच काळात पुण्या-मुंबईत सुटे भाग बनवणारे कारखाने वाढले आणि गल्लोगल्ली इंजिन उघडून बसवणारे मिस्त्री तयार झाले. पद्मिनी कुठेही बंद पडली तरी तिचा भाग आणि तो बसवणारा हात सापडायचा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. वालचंद यांचं नाव आज सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजवर आणि वालचंदनगरच्या पाटीवर दिसतं. पण एखाद्या गॅरेजमध्ये जुन्या पद्मिनीचं झाकण काढून मिस्त्री फीलर गेज घालून टॅपेट सेट करत असेल, तर त्याच्या समोर ओळीने बसलेले आठ रॉकर असतात. वालचंद यांना हवे होते तसे, इथेच बनलेले.