सिंहलद्वीपाचे सेवक संत जोसेफ वाझ

आपल्या नेसरीचें नांव इतिहासांत आलें तें एका रणामुळें. ता. २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं सरनोबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशीं बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातहि वीर ह्याच परिसरांतील खिंडींत पडले. ही कथा ह्या भागांतील प्रत्येक मूल कळत्या वयापासून ऐकतें. त्याच सुमारास सह्याद्रीच्या पलीकडे, जुन्या गोव्याच्या शहरांत, बावीस वर्षांचा एक विद्यार्थी धर्मगुरु होण्यासाठीं अध्ययन करीत होता. त्याच्या हातीं पुढें कधींहि शस्त्र आलें नाहीं. परंतु मरण समोर दिसत असतां पाऊल पुढें टाकण्याचा प्रसंग त्याच्याहि वांट्यास आला, आणि तो वर्षभर पुरला. हा विद्यार्थी म्हणजे संत जोसेफ वाझ. घाटमाथ्यावरील आपल्या कित्येक ख्रिस्ती घराण्यांचें मूळ गोमंतकांत आहे आणि हा संतहि त्याच मातीचा. म्हणून धर्मग्रामाच्या ह्या जुबिलीच्या अंकांत त्यांचें चरित्र थोडक्यांत सादर करीत आहों.

त्यांचा जन्म ता. २१ एप्रिल १६५१ रोजीं साष्टींतील बाणावली येथें, आजोळीं झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ हे सांकवाळचे आणि आई मारिया द मिरांडा ही बाणावलीची. कुळ मूळचें ब्राह्मणांचें, घर सुस्थितींतलें व धर्मनिष्ठ. प्राथमिक शिक्षण गांवीं झाल्यावर जुन्या गोव्यांत जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजांत व नंतर डॉमिनिकन संघाच्या विद्यालयांत त्यांचा अभ्यास झाला आणि १६७६ सालीं त्यांना गुरुदीक्षा मिळाली. दीक्षा मिळाली तशी त्यांनीं पायांतील वहाण काढून ठेवली. गोव्यांतील गरिबांच्या पायांत त्या काळीं वहाण नसे. तेव्हां आपल्याहि पायांत ती असूं नये, इतकाच त्यांचा हिशेब होता. पुढें पसतीस वर्षें ते अनवाणीच चालले, आणि तें चालणें थोडें नव्हतें.

त्या काळचा गोवा नीट ध्यानीं घेतल्यावांचून ह्या पावलाची किंमत कळावयाची नाहीं. लोक ख्रिस्ती झाले होते, पण जातिभेद चर्चच्या दारांत वहाणांबरोबर उतरवून ठेवलेला नव्हता. तो आंत येऊन बांकावर बसला होता. युरोपियन संघ देशी तरुणांस सहसा घेत नसत. त्यावर उपाय म्हणून कांहीं गोमंतकीय धर्मगुरूंनीं जुन्या गोव्यांतील टेकडीवर, पवित्र क्रूसाच्या मंदिरापाशीं, स्वतःची मंडळी स्थापिली. १६८५ सालीं फादर वाझ तींत सामील झाले, तिचे प्रमुख झाले आणि संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीचे नियम त्यांनीं तिला लावून दिले. भारतीय धर्मगुरूंचा हा स्वतंत्र संघ ही मोठीच गोष्ट खरी. परंतु त्या संघांतहि ब्राह्मण कुळांतील धर्मगुरूंसच प्रवेश होता, हें लपवून चालणार नाहीं. संतांचें चरित्र लिहितांना त्यांच्या काळाचे दोष झांकून ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाहीं.

ह्यापूर्वीं १६८१ ते १६८४ पर्यंत फादर वाझ कानडा प्रांतांत होते. मंगळूर, बसरूर, गंगोळी ह्या भागांतील ख्रिस्ती लोक दोन अधिकाऱ्यांच्या तंट्यांत सांपडले होते. पोर्तुगालच्या राजाचा हक्क मानणारा एक पक्ष आणि रोमहून नेमलेले बिशप तोमास द कास्त्रो यांना मानणारा दुसरा. ह्या भांडणाचा इतिहास कंटाळवाणा आहे. त्यांत फादर वाझ यांनीं बिशपांशीं सलोखा राखला व लोकांचे संस्कार अडूं दिले नाहींत, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. ते गोव्यास परतले त्याच १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें कोंकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलूं लागण्याचा हुकूम काढला होता. सरकार लोकांची भाषा हिरावूं पहात असतां हा धर्मगुरु मात्र परक्या लोकांच्या भाषा शिकण्याच्या तयारीस लागला होता.

त्यांचें मन सिंहलद्वीपाकडे लागलें होतें. तेथील हकीकत अशी. पोर्तुगीजांनीं त्या बेटावर ख्रिस्ती धर्म नेला तो तोफांच्या सोबतीनें. पुढें डच आले. १६५६ त कोलंबो व १६५८ त जाफना त्यांनीं घेतलें, कॅथलिक धर्मगुरूंना हांकून लावलें आणि त्यांना आसरा देणाऱ्यांस कडक शिक्षा ठरविल्या. जवळजवळ तीस वर्षें तेथील कॅथलिकांना मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं, मरतांना तेल नाहीं. ही वार्ता ऐकल्यापासून फादर वाझ यांना चैन पडेना. १६८६ सालीं प्रमुखपद सोडून ते निघाले. बरोबर जॉन नांवाचा घरचा विश्वासू सेवक होता. तुतिकोरीनहून मजुराच्या वेषांत ते गलबतावर चढले आणि १६८७ सालीं जाफन्यास उतरले.

उतरले तेव्हां दोघेहि प्रवासाच्या हालांनीं खंगलेले होते आणि लवकरच रक्तआंवेनें अंथरुणास खिळले. अंथरूण हा शब्दहि जास्त झाला. संसर्गाच्या भीतीनें लोकांनीं त्यांना वस्तीबाहेर टाकलें. एक स्त्री रोज तांदळाची पेज आणून देई, तिच्यावर त्यांचे प्राण वांचले, असें चरित्रकार सांगतात. तिचें नांव कोणी नोंदलें नाहीं. सांकवाळच्या प्रतिष्ठित घराण्यांतील विद्वान् धर्मगुरु आणि त्याचा नोकर परक्या मुलखांत शेजारीं शेजारीं पडले आहेत आणि एकाच भांड्यांतली पेज पीत आहेत, हें चित्र वाचकांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. पुढें दहा वर्षांनीं जें घडलें त्याचें बीज, आमच्या मतें, ह्या पेजेंत आहे.

बरे झाल्यावर त्यांनीं गळ्यांत जपमाळ घातली व भिक्षा मागत दारोदार फिरूं लागले. डचांच्या राज्यांत जपमाळ उघड्यावर दिसणें धोक्याचें. परंतु ती पाहून ज्याच्या मुद्रेवर ओळखीची खूण उमटेल तो आपला माणूस, हें त्यांनीं ताडलें होतें. अशा रीतीनें एकेक घर सांपडत गेलें. जाफन्याजवळ सिल्लालै नांवाच्या गांवीं त्यांना आश्रय मिळाला. दिवसा लपून राहावें, रात्रीं मिस्सा करावी, पहाटेपूर्वीं मुक्काम हलवावा, असा त्यांचा क्रम होता. ह्याच काळांत त्यांनीं तामिळ भाषा आत्मसात् केली. पुढें डचांचा शोध फार कडक झाला, तेव्हां ते पुत्तलमकडे सरकले आणि १६९२ त डोंगरांतील कँडीच्या स्वतंत्र राज्यांत शिरले.

कँडीचा राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा बौद्ध होता. एका कॅल्व्हिनपंथी फ्रेंच गृहस्थानें फादर वाझ हे पोर्तुगीजांचे हेर असल्याचें राजाच्या कानीं घातलें, आणि फादर शहरांत पोंचले ते बेड्या घालूनच. राजाचा संशय अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. पोर्तुगीजांचा अनुभव त्या बेटास चांगला आला नव्हता. बंदींत असतां फादर वाझ सिंहली भाषा शिकले. हळूहळू पहारा सैल झाला. त्यांनीं तुरुंगाच्या आवारांतच गवताकाडीचें लहानसें प्रार्थनास्थळ उभारिलें व शहरांतील कॅथलिक लोक तेथें येऊं लागले. पुढें एकदां मोठें अवर्षण पडलें असतां त्यांनीं भर चौकांत वेदी मांडून प्रार्थना केली, मुसळधार पाऊस पडला आणि ते व त्यांची वेदी मात्र कोरडी राहिली, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. तेव्हांपासून त्यांना मोकळेपणा मिळाला असें म्हणतात. श्रीलंकेंत ही कथा फार प्रिय आहे आणि तिचा अनादर करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण फादर वाझ यांची थोरवी ज्याला पहावयाची असेल त्यानें पावसापाशीं न थांबतां १६९७ सालापर्यंत पुढें चालावें.

त्या सालीं कँडींत देवीची साथ आली. देवी काढण्याची विद्या त्या वेळीं तिकडे नव्हती. लस तर शंभर वर्षें दूर होती. आपल्याकडे प्लेगच्या दिवसांत गांवें ओस पडून लोक माळावर झोपड्या घालून रहात, त्या आठवणी पुष्कळ घरांतून अजून सांगितल्या जातात. परंतु आपले लोक रोग्यास बहुधा बरोबर नेत. कँडींत उलट झालें. घरांत कोणास ताप येऊन अंगावर फोड दिसले कीं त्याला रानांत नेऊन, जवळ थोडें अन्नपाणी ठेवून, घरचे लोक परत फिरत. राजानें राजधानी सोडली. ज्यांना पाय होते ते त्याच्या मागोमाग गेले. उरले ते रोगी आणि प्रेतें.

फादर वाझ त्या वेळीं सेहेचाळीस वर्षांचे होते. गोव्याहून नुकतेच आलेले त्यांचे भाचे फादर जोसेफ द कार्व्हाल्यो त्यांच्यासह राहिले. मामाभाचे रोज रानांत जाऊन टाकलेले रोगी शोधीत. सांपडलेल्यांवर ते पाल्याचें छप्पर घालीत. ओस पडलेलीं घरें ताब्यांत घेऊन त्यांचीं त्यांनीं रुग्णालयें केलीं. पेज शिजवावी, चमच्यानें भरवावी, फोडांतील पू धुवावा, घाण काढावी, आणि जो मरेल त्याला खड्डा खणून पुरावें. देवीच्या रोग्याच्या अंगास येणारी दुर्गंधि ज्यांनीं अनुभवली आहे अशीं माणसें आतां विरळाच. १९८० सालीं हा रोग जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. पण आपल्या आज्यापणज्यांना विचारलें असतें तर त्या कामाचा अर्थ त्यांनीं सांगितला असता. रोगी बौद्ध, हिंदु कीं ख्रिस्ती हें पाहिलें गेलें नाहीं. बाप्तिस्मा मागणाऱ्यास तो दिला. न मागणाऱ्याच्या वाटीतली पेज त्यामुळें पातळ झाली नाहीं. हें सुमारें एक वर्ष चाललें, आणि दोघेहि जगले.

राजा परतला तेव्हां, हे दोघे नसते तर राजधानीच्या रस्त्यांवर प्रेतांचे ढीग पडले असते, हें त्यानें कबूल केलें. ज्या धर्मगुरूस त्यानें हेर म्हणून बेड्या घातल्या होत्या त्याला आपल्या राज्यांत धर्म शिकविण्याची त्यानें मोकळीक दिली. शंभर वर्षांच्या पोर्तुगीज तोफांनीं जें मिळालें नव्हतें तें असें मिळालें.

पुढील वर्षांचा वृत्तांत त्वरेनें सांगतां येतो. गोव्याच्या टेकडीवरून एकामागून एक धर्मगुरु येऊं लागले. १७०५ सालीं दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्व्हिस आले. त्यांनीं सिंहली व तामिळ भाषांत इतके ग्रंथ लिहिले कीं सिंहली कॅथलिक वाङ्मयाचा आरंभ त्यांच्यापासून मानतात. फादर वाझ यांना बिशपपद देऊं करण्यांत आलें, तें त्यांनीं नाकारलें. ते बेटभर पायीं हिंडत राहिले. १७०७ त गादीवर आलेला राजा नरेंद्रसिंह हाहि त्यांचा स्नेही होता. चालून चालून शरीर झिजलें होतें. १७१० सालीं तापानें ते खचले आणि ता. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथें त्यांनीं देह ठेविला. त्या वेळीं त्यांचें वय साठाच्या आंत होतें. त्यांना कँडींतच पुरलें. परंतु ती जागा काळाच्या ओघांत हरपली आणि त्यांच्या अस्थि आज कोणाच्याहि हातीं नाहींत.

१८३५ सालीं पोर्तुगीज सरकारनें धार्मिक संघ बंद केले, त्यांत ओरेटरीहि संपली. तोंवर दीडशें वर्षें हीं गोमंतकीय मंडळी सिंहलद्वीपाची सेवा करीत होती. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं ता. २१ जानेवारी १९९५ रोजीं कोलंबो येथें फादर वाझ यांना धन्यवादित म्हणून घोषित केलें आणि ता. १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं, नेहमींच्या दुसऱ्या चमत्काराची अट न लावतां, त्याच शहरांत समुद्रकांठच्या मैदानावर त्यांना संतपद दिलें.

आजरा व आंबोलीवरून घाट उतरून गोव्यास जाणारे आपले लोक बहुधा जुन्या गोव्याचें दर्शन घेऊन परततात. त्यांनीं एकदां थोडी वाट वांकडी करून सांकवाळास जावें. तेथें आरोग्यमातेच्या जुन्या चर्चचा फक्त दर्शनी भाग उभा आहे. मागें मंदिर नाहीं, नुसतें आकाश. गुरुदीक्षेनंतर फादर वाझ यांनीं सांकवाळास मुलांसाठीं लॅटिनची शाळा चालविली होती. दरवर्षीं जानेवारींत तेथें नोव्हेना होतो, आणि सोळाव्या दिवशीं सणास येणाऱ्यांत अनवाणी चालत आलेले लोकहि असतात.