ली-मेटफर्डमधले मेटफर्ड

रायफल म्हटली की आपण नळी, बोल्ट आणि नेम यांविषयी बोलतो. गोळी कोणत्या धातूची आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. .३०३ रायफलीचा इतिहास वाचताना ‘ली-मेटफर्ड’ हे जोडनाव मला दिसले. जेम्स पॅरिस ली यांचा बोल्ट आणि मॅगझिन, मग मेटफर्ड यांचे काय? त्याचा शोध घेताना मला एका चिकाटीच्या माणसाचे चरित्र सापडले.

विल्यम एलिस मेटफर्ड यांचा जन्म १८२४ साली इंग्लंडमधील टॉन्टन येथे झाला. वडील डॉक्टर होते. विल्यम रेल्वेचे अभियंता झाले. मन मात्र रायफलीत रमले. त्या काळी नळीच्या तोंडातून दारू व गोळी आत सारावी लागे. गोळी सैल असली तर नेम चुके, घट्ट असली तर आत जाईना. मेटफर्ड यांनी १८५२ च्या सुमारास बुडाशी पोकळ असलेली गोळी सुचवली. ती सहज आत जाई आणि बार उडताच धुराच्या दाबाने फुगून नळीतल्या पिळदार खोबणींत बसे. त्यासाठी शुद्ध, मऊ शिसेच लागे. ही गोळी पुढे प्रिचेट या बंदूक बनवणाऱ्याच्या नावाने ओळखली गेली आणि सरकारचे १००० पौंडांचे बक्षीसही त्यालाच मिळाले. मेटफर्ड आपले प्रयोग करत राहिले.

१८५७ मध्ये ते ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीसाठी भारतात आले. त्याच वर्षी एनफील्ड रायफलीच्या काडतुसांवरून असंतोष पेटला आणि मीरत येथे उठाव झाला. त्या काडतुसांत पोकळ बुडाचीच गोळी असे. मेटफर्ड बिहारमध्ये मुंगेरला होते आणि तेथील इंग्रजांच्या बचावाच्या तयारीत त्यांना उतरावे लागले. आपल्या दृष्टीने तो स्वातंत्र्यलढा होता आणि ते समोरच्या बाजूला होते. या धावपळीत त्यांची प्रकृती ढासळली व ते मायदेशी परतले.

पुढे त्यांनी उलट दिशेने विचार केला. मऊ शिसे वेगात खोबणींना घासून तिथेच चिकटते, नळी घाण होते आणि नेम बिघडतो. शिशात थोडे कथील मिसळले की धातू कठीण होतो आणि ओतताना साचाही नीट भरतो. त्या काळातील मार्टिनी-हेन्री रायफलीच्या गोळीत १२ भाग शिशाला १ भाग कथील असे. पण कठीण गोळी खोबणींत बसणार कशी? बाराच्या धक्क्याने कठीण गोळीही किंचित दबून रुंदावते, हे मेटफर्ड यांनी ओळखले. म्हणून खोल खोबणींची गरजच नव्हती. १८६५ मध्ये त्यांनी उथळ खोबणी आणि कठीण गोळी असलेली रायफल तयार केली. उथळ खोबणींत काजळी कमी साचे आणि ती पुसणेही सोपे जाई. सर हेन्री हॅलफर्ड या नामांकित नेमबाजाने त्यांना वर्षानुवर्षे साथ दिली.

त्यांचे एक काम मला पटत नाही. त्यांनी स्फोटक गोळीही बनवली होती. १८६३ मध्ये ब्रिटिश सरकारने ती स्वीकारली. पण १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्यात राष्ट्रांनी अशा गोळ्यांवर बंदी घातली. विनाकारण यातना देणारे शस्त्र सैनिकाने वापरू नये, हा नियम तेव्हा लिहिला गेला.

१८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने ली-मेटफर्ड स्वीकारली. तिची गोळी धातूच्या आवरणाची होती, खोबणी मात्र मेटफर्ड यांच्या. काही वर्षांतच काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट आले. त्याच्या उष्णतेने उथळ खोबणी लवकर झिजू लागल्या. १८९५ मध्ये खोल खोबणींची ली-एनफील्ड आली आणि मेटफर्ड हे नाव मागे पडले. १८९९ मध्ये त्यांचे निधन झाले.

दारू बदलली तशी एकेकाळी अचूक ठरलेली नळीही बदलावी लागली. मऊ गोळीची कल्पना स्वतःची असूनही मेटफर्ड तिला कवटाळून बसले नाहीत. गरज बदलताच त्यांनी कठीण गोळी घडवली. बक्षीस दुसऱ्याला गेले तरी त्यांचे काम थांबले नाही. आपण कॅडेट्सनी त्यांच्याकडून एवढे नक्की घ्यावे.