रॉबर्ट बारानी : रुग्णाच्या तक्रारीतून नोबेलपर्यंत

कान धुण्यासाठी डॉक्टर पिचकारीने आत पाणी सोडतात. कधी कधी त्या वेळी रुग्णाला गरगरते आणि त्याची बुबुळे एका बाजूला झटके देऊ लागतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही गोष्ट कानाच्या अनेक डॉक्टरांनी पाहिली होती. पण असे का होते, या प्रश्नाचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला तो व्हिएन्नातील एका तरुण डॉक्टरने. त्यांचे नाव रॉबर्ट बारानी.

त्यांचा जन्म २२ एप्रिल १८७६ रोजी व्हिएन्नात एका ज्यू कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते थोरले. लहानपणी हाडांचा क्षय झाला आणि एक गुडघा कायमचा आखडला. त्या आजारपणातूनच त्यांना वैद्यकाची ओढ लागली, असे मानले जाते. पुढे त्याच पायाने ते टेनिस खेळले, डोंगरही हिंडले. १९०० मध्ये ते डॉक्टर झाले आणि १९०३ मध्ये प्रसिद्ध कर्णरोगतज्ज्ञ अ‍ॅडम पोलिट्झर यांच्या विभागात काम करू लागले.

तिथे कान धुताना एका रुग्णाने तक्रार केली की पाणी पुरेसे गरम नसले तरच चक्कर येते. बारानींनी परिचारिकेला पाणी गरम करायला सांगितले. या वेळी ते फारच गरम झाले आणि रुग्णाला पुन्हा भोवळ आली. बारानींनी त्याच्या डोळ्यांकडे पाहिले. थंड पाण्याने बुबुळे ज्या दिशेने झटके देत होती, त्याच्या नेमक्या उलट दिशेने ती आता हलत होती. म्हणजे सारा खेळ तापमानाचा होता.

आपल्या आंतरकर्णात ऐकण्याच्या अवयवाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रव डोके वळले की हलतो आणि शरीराचा तोल सांभाळायला मदत करतो. गरम द्रव वर चढतो, थंड द्रव खाली बसतो. पाण्यामुळे नलिकेतही तसाच प्रवाह सुरू होत असावा, असे बारानींनी मांडले. डोक्याची स्थिती बदलली की डोळ्यांची दिशाही बदलते, हे त्यांनी दाखवून दिले. चक्कर येणाऱ्या माणसाच्या कोणत्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा बिघडली आहे, हे आता साध्या पाण्याने तपासता येऊ लागले.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते ऑस्ट्रियाच्या सैन्यासोबत शल्यचिकित्सक म्हणून गेले. १९१५ मध्ये प्शेमिश्लचा किल्ला पडला आणि ते रशियाचे युद्धकैदी झाले. १९१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल आपल्याला मिळाल्याची बातमी त्यांना मध्य आशियातील मर्व्हच्या छावणीत कळली. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसतर्फे प्रयत्न केले, तेव्हा १९१६ मध्ये त्यांची सुटका झाली.

मायदेशी मात्र स्वागत झाले नाही. आधीच्या संशोधकांचे श्रेय पुरेसे दिले नाही, असा आरोप सहकाऱ्यांनीच केला. श्रेय मागणे रास्तच असते. पण विखुरलेली निरीक्षणे एका नियमात बांधून रुग्णाच्या उपयोगी आणणे, हे काम बारानींचे होते. त्या काळच्या व्हिएन्नात ज्यूद्वेषही उघड होता. अखेर १९१७ मध्ये त्यांनी ते शहर सोडले आणि स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचा रस्ता धरला. तिथेच त्यांनी उरलेले आयुष्य काम केले. साठाव्या वाढदिवसाला दोन आठवडे उरले असताना, ८ एप्रिल १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

१९८३ मध्ये अंतराळात हाच प्रयोग झाला. तिथे वजनच नसल्याने गरम द्रव वर चढत नाही, तरीही डोळे हलले. म्हणजे बारानींचे स्पष्टीकरण पूर्ण नव्हते. त्यांची चाचणी मात्र टिकली. आजही ३० आणि ४४ अंश सेल्सिअसचे पाणी कानात सोडून ती केली जाते.

विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी यातून एवढे घ्यावे : नोबेल मिळालेल्या माणसाचे म्हणणेही पुन्हा तपासून पाहायचे असते. आणि समोरचा साधा माणूस आपल्या त्रासाबद्दल काय सांगतो, ते नीट ऐकायचे असते. बारानींच्या शोधाची सुरुवात तिथूनच झाली होती.